पत्रलेखनाचा तास, पस्तीस वर्षांनी

(डिसेंबर २०२४ च्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली. म्हणाले, "यशोगाथा नको. ऐकणाऱ्याला सोमवारी सकाळी उपयोगी पडेल असं काहीतरी सांग." मला हायसं वाटलं, कारण यशोगाथा सांगण्याएवढं माझं यश नाही. घरामागच्या पडवीत मी, माझी जाऊ आणि वाडीतल्या चार बायका मिळून आमसुलं, आगळ, कुळथाचं पीठ आणि फणसपोळी करतो. हंगामात दिरांच्या बागेतला हापूस पेट्यांतून पाठवतो. दुकान नाही. एक साधी वेबसाइट आहे आणि ईमेल आहे. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं, थोडं नाशिकचं, थोडं बेंगळुरूचं. त्यांनी मला पाहिलेलं नाही, मी त्यांना पाहिलेलं नाही. आमच्यात जो काही विश्वास आहे, तो पत्रातून आलेला आहे. म्हणून आज पत्राबद्दलच बोलते.

आपल्यातले बरेच जण आता पन्नाशी ओलांडल्यावर काहीतरी सुरू करताहेत. सकाळी चहाच्या वेळी ऐकलं, कुणी मसाले करतंय, कुणी खोल्या बांधून पाहुणे ठेवतंय, कुणी साड्यांवर भरतकाम करून देतंय. सगळ्यांचा प्रश्न एकच : माल चांगला आहे, पण लोकांना कळवायचं कसं? व्हॉट्सॲपवर कळवा, जरूर कळवा. पण तिथला निरोप तासाभरात 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली गाडला जातो. ईमेल पेटीत पडून राहतो. तीन आठवड्यांनी आमसुलं संपली की माणूस शोधून काढतो. आणि पत्त्यांची यादी तुमची स्वतःची असते. उद्या पाठवणारी सेवा बदलली तरी यादी बरोबर नेता येते.

आता ज्या चुकीमुळे मी हे शिकले, ती आधी सांगते, कारण त्या चुकीत तुम्ही सगळे होता.

२०१४ साली आपल्या तुकडीला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा पहिला मेळावा झाला आणि नाव-पत्ता-ईमेलची एक यादी तयार झाली. एकमेकांच्या संपर्कात राहावं म्हणून. दोन वर्षांनी मी धंदा सुरू केला आणि ती यादी उचलून जशीच्या तशी माझ्या जाहिरातीला लावली. कुणालाही विचारलं नाही. विषयात लिहिलं होतं, 'धमाका ऑफर!!! आजच खरेदी करा!!!' आणि वर मायना होता 'प्रिय ४७', 'प्रिय ४८'. एक्सेलमधल्या नावाच्या रकान्याऐवजी अनुक्रमांकाचा रकाना लागला होता. तुमच्यापैकी काही जण अजून मला भेटल्यावर "मी अठ्ठेचाळीस बोलतोय" म्हणतात. हसा, हसण्यासारखंच आहे ते.

पण त्या दिवशी एक उत्तर आलं, ते हसण्यासारखं नव्हतं. आपल्या वर्गातल्या एकाचं. तो आज इथे बसला आहे. नाव घेत नाही, आणि हे सांगण्याची परवानगी मी काल रात्री त्याच्याकडून घेतली आहे. त्याने लिहिलं होतं : "तुझं नाव दिसलं म्हणून आधी तुझं पत्र उघडलं. आई जाऊन आठ दिवस झाले. वाटलं, तुला कुणी कळवलं असेल. आत आमसुलांवर दहा टक्के सूट निघाली. असू दे." त्याच्या आईच्या हातचं कोकम सरबत आपल्यापैकी निम्म्यांनी प्यायलं आहे. मला तर आगळ कसं मुरवायचं ते त्या माऊलीनेच पहिल्यांदा दाखवलं होतं.

मी त्याला फोन केला. पण तीन महिने एकही जाहिरातीचं पत्र पाठवलं नाही. हात धजेना. मग एके दिवशी बाईंचा नववीतला पत्रलेखनाचा तास आठवला. फळ्यावर बाई पाच गोष्टी लिहायच्या : पत्ता, विषय, मायना, मजकूर, समारोप. आणि म्हणायच्या, "पत्र कोणाला लिहितोय ते आधी डोळ्यांसमोर आणा, मग पेन उचला." मी त्याच क्रमाने पुन्हा शिकायला बसले. तुम्हालाही त्याच क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, पत्ता. ज्याने स्वतःहून पत्ता दिला आहे, आणि जाहिरातीसाठी दिला आहे, त्यालाच लिहायचं. विकत मिळणाऱ्या याद्या घेऊ नका. सोसायटीची, देवळाच्या वर्गणीची, शाळेची यादी वापरू नका. हे शहाणपण जुनं आहे. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेत, आजचं इंटरनेट जन्माला येण्याआधीच्या अर्पानेट नावाच्या जाळ्यावर, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क या विक्री खात्यातल्या माणसाने सुमारे चारशे जणांना न विचारता संगणकाची जाहिरात पाठवली. ईमेलवरची ती पहिली घाऊक जाहिरात समजली जाते. लोक तेव्हाही चिडले होते. आणि आता आपल्याकडेही गेल्या वर्षी, २०२३ मध्ये, वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचं सूत्रही संमती हेच आहे.

पत्राच्या तळाशी 'पत्रं बंद करा' हा दुवा स्पष्ट दिसेल असा ठेवा. सुरुवातीला मी तो बारीक करड्या अक्षरात लपवायची. हा मूर्खपणा होता. ज्याला बंद करायचं आहे आणि वाट सापडत नाही, तो 'स्पॅम' दाबतो. गुगलने यंदाच्या फेब्रुवारीपासून नियम कडक केले आहेत. त्यात स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असं म्हटलं आहे. हिशोब करा. तीनशे पत्रं गेली आणि एकानेच ते बटण दाबलं, तरी रेषा ओलांडली. मग तुमची जाहिरातच काय, ज्याने पैसे भरले आहेत त्याची पावतीसुद्धा स्पॅममध्ये जाऊन पडते. माझ्या त्या 'धमाका'नंतर हेच झालं होतं. एका काकूंनी पैसे भरून आठ दिवस वाट पाहिली आणि मला फसवी समजून बँकेत तक्रार केली. माझी चारही पत्रं त्यांच्या स्पॅममध्ये पडून होती.

पत्त्याचा दुसरा भाग म्हणजे पाठवणाऱ्याचा. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला पाचशेपर्यंतच पत्ते चालतात, आणि ढीगभर पत्ते 'बीसीसी'त घालणं हा धंद्याचा मार्ग नव्हे. वेबसाइटच्या नावाचा पत्ता घ्या, आणि ज्याने वेबसाइट करून दिली त्याला तीन शब्द सांगा : एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. घाबरू नका. पहिलं म्हणजे तुमच्या नावाने कोण टपाल टाकू शकतं याची यादी. दुसरं म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर, म्हणजे वाटेत कुणी फोडलं नाही हे कळतं. तिसरं म्हणजे या दोन्ही गोष्टी जुळल्या नाहीत तर पत्राचं काय करायचं, याची पोस्टमनला सूचना. जाणकाराला अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. आणि 'उत्तर देऊ नका' छापाचा पत्ता ठेवू नका. लोकांना उत्तर देऊ द्या. मला माझ्या मालाबद्दल जे कळलं, ते निम्मं त्या उत्तरांतून कळलं.

दुसरी गोष्ट, विषय. बाई म्हणायच्या, "मुख्याध्यापकांना शंभर अर्ज येतात. विषयावरून कळलं पाहिजे, पोराला रजा हवी आहे की दाखला." तेच इथे. मोबाइलवर विषयाची ओळ चाळीसएक अक्षरांनंतर तुटते, म्हणून कामाचा शब्द आधी. 'धमाका ऑफर' यात काहीच कळत नाही. 'आंब्याची पहिली काढणी सोमवारी' यात सगळं कळतं. 'आमसुलं तयार, यंदा ऐंशी पाकिटं' यातही. उद्गारचिन्ह एकही नको. पूर्वी बोलणं झालेलं नसताना विषयाआधी 'रि' लावून उत्तर आल्याचा भास करू नका. माणूस एकदा फसतो आणि कायमचा लक्षात ठेवतो. विषयाशेजारी फिकट अक्षरात आणखी अर्धी ओळ दिसते, तीही स्वतः लिहा. नाही लिहिली तर तिथे 'हे पत्र नीट दिसत नसल्यास इथे दाबा' असलं काहीतरी उमटतं, आणि दाराशी आलेल्या पाहुण्याला आपण कुलूप दाखवल्यासारखं होतं.

तिसरी गोष्ट, मायना. नाव खात्रीचं असेल तर घाला, नसेल तर नुसतं 'नमस्कार' पुरे. 'प्रिय ४७' नको, एवढं मी अनुभवाने सांगू शकते. आणि 'तमाम ग्राहकहो' नको. पत्र एकटा माणूस वाचतो, सभा वाचत नाही. मी लिहिताना पुण्यातल्या एका गिऱ्हाईक आजींना डोळ्यांसमोर ठेवते. त्यांना समजेल, त्यांना खोटं वाटणार नाही, असं वाक्य आलं की ठेवते.

चौथी गोष्ट, मजकूर. एका पत्रात एकच काम. आमसुलांच्या पत्रात फणसपोळी नाही. एकच बटण. आणि विशेषणांच्या जागी माहिती. 'उत्कृष्ट दर्जाची, अस्सल, शुद्ध' हे तर सगळेच लिहितात. मी काय केलं ते मलाच माहीत आहे, म्हणून तेच लिहायचं. गेल्या जूनमधलं पत्र वाचून दाखवते, लहान आहे.

"नमस्कार. यंदाची आमसुलं वाळवून डब्यात भरली. रतांबे आमच्या आणि शेजारच्या दोन वाड्यांतले. सालींना आगळाची पुटं देऊन उन्हात वाळवली आहेत. रंग घातलेला नाही, त्यामुळे ती काळपट दिसतील. अर्धा किलोचं पाकीट ३५० रुपये, घरपोच. ऐंशी पाकिटं आहेत. संपली की पुढच्या वर्षीच, कारण रतांबे पावसाआधीच मिळतात. ता. क. : गेल्या वर्षी मीठ जास्त झाल्याचं काही जणांनी कळवलं होतं. यंदा हात आखडता घेतला आहे, तरी आमटीत टाकण्याआधी एकदा पाण्यातून काढा."

बस, एवढंच. यात घाई करा असं कुठे म्हटलेलं नाही, पण घाई का करावी ते कळतं. आणि ती घाई खरी आहे. ऐंशी म्हणजे ऐंशीच होती. 'शेवटचे दोन तास' असं लिहून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाठवणाऱ्यांचं पुढचं पत्र कोण खरं मानेल? आणि ता. क. जपून ठेवा. लोक वरचं भराभर चाळतात, पण ताजा कलम वाचतात. पोस्टकार्डाच्या कडेला उभं लिहिलेलं वाक्य आपण सगळ्यात आधी वाचायचो, तसंच आहे हे.

चित्रांबद्दल एक सूचना. पुष्कळ जण सगळा मजकूर एका रंगीत चित्रात घालून पाठवतात. चित्र उघडलं नाही तर हाती कोरा चौकोन येतो. मजकूर अक्षरांतच लिहा, फोटो एखादा पुरे. आणि पत्र फार जड करू नका. १०२ किलोबाइटच्या पुढे मजकूर गेला की जीमेल ते खालून कापतं, आणि नेमका 'पत्रं बंद करा'चा दुवा तळाशी असतो.

किती पत्रं पाठवायची? सांगण्यासारखं असेल तेव्हा. माझं वेळापत्रक हंगाम ठरवतो. मार्चमध्ये आंब्याची नोंदणी, जूनमध्ये आमसुलं, पावसाळ्यात कुळीथ, दिवाळीआधी एक. पण सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पत्र विक्रीचं नसतंच. पेटी निघाली की मी एक पत्र पाठवते : पेटी आल्याबरोबर उघडा, आंबे गवतावर मोकळे मांडा, कच्चे फ्रिजमध्ये ठेवू नका, देठाजवळ वास सुटला की कापा. त्या पत्राला उत्तरं येतात. त्यातूनच पुढची नोंदणी होते.

आकड्यांच्या नादी लागू नका, हेही सांगते. किती जणांनी पत्र उघडलं याचा आकडा या सेवा दाखवतात. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये खासगीपणाची एक सोय आली. त्यात माणसाने पाहिलं नसलं तरी पत्रातलं चित्र आधीच उतरवून घेतलं जातं, आणि पत्र उघडलं असं मोजलं जातं. तेव्हा तो आकडा पाहून खूश होऊ नका. बटण किती जणांनी दाबलं, किती उत्तरं आली, किती मागण्या आल्या, हे मोजा. दोन विषय अर्ध्या-अर्ध्या यादीला पाठवून पाहतात, तेही करा, पण यादी दोनशेची असेल तर पाच-सहाच्या फरकाला काही अर्थ नाही. तेवढा फरक कुणाच्या घरी लग्न आहे यानेही पडतो.

आता पाचवी गोष्ट, समारोप. बाई म्हणायच्या, "'आपला विश्वासू' हे शब्द नुसते उतरवू नका, त्याखाली सही तुमची असते."

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका आठवड्यात अकरा तक्रारी आल्या. आंब्यात साका. देवगड-रत्नागिरीकडच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. फळ बाहेरून निर्दोष दिसतं, वास घमघमीत, आणि कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा, बेचव भाग. बाहेरून ओळखता येत नाही. त्या काढणीच्या पेट्या १४० घरी गेल्या होत्या. दीर म्हणाले, "अकरांचे पैसे परत कर आणि गप्प बस. बाकीच्यांना आपण होऊन कशाला आठवण करून द्यायची?" त्यांचंही खरं होतं. वर्षभराची मेहनत, फवारणीचं कर्ज, सगळं त्या पेट्यांवर होतं. मी रात्री दोन वेळा पत्र लिहिलं आणि दोन वेळा पुसलं. पहिल्यात नुसती सबब होती, उन्हाची आणि हवामानाची. दुसऱ्यात माफी एवढी होती की मुद्दा सापडत नव्हता.

तिसरं पाठवलं. विषय : 'तुमच्या पेटीतल्या आंब्याबद्दल'. आत चार गोष्टी. काय झालं, साका म्हणजे काय, मी काय करणार, तुम्ही काय करायचं. "खराब निघालेली फळं मोजा, एक फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे तीन दिवसांत परत येतील. फोटो काढायचा राहिला असेल तर नुसता आकडा कळवा, चालेल." १४० जणांना पाठवलं. अकराव्या तक्रारीनंतर आणखी सव्वीस जणांनी आकडा कळवला. कुणी जास्त सांगितला असेल तर मला ठाऊक नाही, मला तसं वाटलं नाही. उरलेल्यांपैकी कित्येकांनी "आमचे चांगले निघाले" एवढंच लिहिलं. त्या वर्षी आंब्यात काही सुटलं नाही, आणि दीर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या मार्चमध्ये त्या १४० पैकी १०३ जणांनी आगाऊ नोंदणी केली. त्या वर्षी दिरांनी स्वतःहून विचारलं, "पत्र कधी घालतेस?"

साका पुन्हा येणार नाही, असं मी त्या पत्रात लिहिलं नव्हतं, कारण तो येऊ शकतो. आला तर काय करणार, एवढंच लिहिलं होतं. माझी आजवरची सगळ्यात चांगली जाहिरात कुठली, असं कुणी विचारलं तर मी हेच पत्र दाखवते, आणि त्यात मी विकायला काहीच ठेवलं नव्हतं.

शेवटी आपल्या यादीबद्दल. २०१४ ची यादी मी माझ्या संगणकातून पुसली, त्याला आठ वर्षं झाली. तुम्हा सगळ्यांची माफी मी एकेकाकडे मागितली नव्हती, ती आज एकत्र मागते. आणि ज्याच्या घरी ते पत्र नको त्या दिवशी गेलं, त्याची पुन्हा एकदा.

उद्या सकाळी नाश्त्यानंतर मी मागच्या पडवीतल्या बाकावर बसणार आहे. ज्यांचा काही उद्योग आहे त्यांनी मोबाइलवर आपलं एखादं जाहिरातीचं पत्र घेऊन यावं. लाल पेन माझ्याकडे आहे, आणि बाईंनीही येते म्हटलं आहे.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : हा मजकूर छापायला देण्याआधी बाईंना वाचून दाखवला. त्यांनी तीन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि त्यांच्या स्तुतीचं एक वाक्य गाळायला लावलं. दोन्ही केलं आहे.